गंज उतरतो, थकवा उतरत नाही : जुन्या मोटारीच्या सस्पेन्शनचे घरगुती नूतनीकरण

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोटारीच्या चाकाखाली येणारी जमीन आणि हवा शंभर-दीडशे किलोमीटरांच्या अंतरात पूर्णपणे पालटते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात आणि सांगलीच्या आटपाडी-जत भागात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच थांबतो. या दोहोंच्या मध्ये कृष्णेचे काळ्या मातीचे खोरे पसरलेले आहे. पश्चिमेकडील गाडीचे पोट चार महिने तांबड्या चिखलात ओले राहते आणि गंजते. पूर्वेकडील गाडीच्या सांध्यांत बारीक धूळ शिरून ती वंगणात मिसळते व धातू घासत राहते. खोऱ्यातली चिकट काळी माती मात्र भागांवर लेपासारखी बसून पाऊस संपल्यावरही कित्येक दिवस ओल धरून ठेवते. त्यामुळे एकाच वर्षी तयार झालेल्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या, एक पश्चिमेकडील पाचगणीची आणि दुसरी पूर्वेकडील दहिवडीची, वीस वर्षांनंतर वेगवेगळ्या दुरुस्तीची अपेक्षा करतात, आणि घरी काम करू पाहणाऱ्याला पाना हातात घेण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या हवेत जुनी झाली आहे हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

या भागात जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरण्याचा संस्कार खोलवर रुजलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून लोखंड ओतणारे, कातणारे आणि घासणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले. परिणामी लेथवर एखादी बाही कातून देणारा कारागीर आजही तालुक्याच्या गावी सहज सापडतो. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती, आणि तिची पद्मिनी अनेक वर्षे मध्यमवर्गाची गाडी होती. १९८३च्या अखेरीस रस्त्यावर आलेली व २०१४पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८००, तिची भावंड असलेली ओम्नी, आणि वडापला, म्हणजे वाटेत माणसे भरत जाणाऱ्या खाजगी प्रवासी वाहतुकीला, जुंपलेल्या महिंद्राच्या जीपा ही या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची मंडळी होत.

सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अशी व्यवस्था, जी चाकाला रस्त्याप्रमाणे वर-खाली होऊ देते पण ती हालचाल बसणाऱ्यापर्यंत आहे तशी पोहोचू देत नाही. तिच्यात चार प्रकारचे घटक असतात. भार पेलणारी स्प्रिंग, जी जीपमध्ये चारही चाकांवर पाट्यांची असते, पद्मिनीत पुढे गुंडाळीची व मागे पाट्यांची, आणि मारुतीत पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बरभोवती बसवलेली गुंडाळीची. स्प्रिंगचे झुलणे थांबवणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात. चाकाला जागेवर धरणारे आर्म व दांडे. आणि या सर्वांच्या टोकांना असलेले रबरी बुश व बॉल जॉइंट, म्हणजे गोल डोक्याचे फिरते सांधे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला एकदा झुलते, आणि ती ११ सेंटिमीटरच दबत असेल तर हे झुलणे सेकंदाला दीड वेळा होते. माणसाला सुसह्य वाटणारी बहुतेक वाहने या दोन मर्यादांच्या आसपास बसवलेली असतात. स्प्रिंग कडक केली की झुलणे जलद होते आणि धक्का अंगावर येतो, एवढे समजले तरी पुढची बरीच चुकीची कामे टळतात.

घरच्या घरी आणि कमी खर्चात हे सारे नवे करू पाहणाऱ्याला सर्वात उपयोगी पडणारा विवेक एकच आहे : कोणता भाग बाहेरून जुना झाला आहे आणि कोणता आतून. बाहेरून जुना झालेला भाग म्हणजे गंजलेला, मळलेला, रंग उडालेला आर्म, ब्रॅकेट किंवा आडवी पट्टी. त्याचे पोलाद आत पूर्वीइतकेच शाबूत असते आणि श्रमाने तो पुन्हा कामाला येतो. आतून जुना झालेला भाग म्हणजे थकलेली स्प्रिंग, कडक झालेले रबर, झिजलेला सांधा, दाब गेलेला शॉकअप; त्यावर कितीही रंग चढवला तरी त्याचे आयुष्य वाढत नाही. धातूचा थकवा ही केवळ बोलण्याची रीत नसून एक मोजता येणारी प्रक्रिया आहे. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० व १८६०च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की, एका वेळी जो भार धातू सहज पेलतो तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला तर त्या धातूत सूक्ष्म चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी आस अचानक तुटतो. म्हणून बचत करायची ती पहिल्या गटात, स्वतःच्या मेहनतीने. दुसऱ्या गटात मेहनत करून पैसे वाचवणे म्हणजे चाकाशी जुगार खेळणे होय.

गाडी उचलण्यापूर्वीच बरेचसे निदान होते. सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की कोणती स्प्रिंग बसली आहे ते कळते. एकेक कोपरा अंगाच्या भाराने दाबून सोडला आणि तो दीडएक झोक्यात स्थिर झाला नाही, तर त्या बाजूच्या शॉकअपवर संशय घ्यावा. टायर एका कडेने झिजला असेल तर चाकाचा कोन बिघडलेला असतो, आणि त्यामागे बहुधा बसलेला बुश किंवा वाकलेला आर्म असतो. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवताना खडखड जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग सैल आहे. उचललेल्या गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. पक्क्या जमिनीवर, सांगाड्याच्या मजबूत भागाखाली दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी टेकवण्याचे पक्के आधार, लावाव्यात आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. घरगुती कामातले जीवघेणे अपघात बहुधा याच एका गोष्टीत कसूर केल्याने होतात, म्हणून घोड्यांचा खर्च हा वाचवण्याचा खर्च नव्हे.

गंजाचा विचार जरा सविस्तर करायला हवा, कारण घरगुती श्रमाला सर्वाधिक फळ येथेच मिळते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगातून गंज तयार होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे बोल्ट आणि बाही यांच्यामधल्या केसभर फटीत गंज वाढला की तो दोहोंना आतून दाबून धरतो, आणि पान्याने जोर लावला तर बोल्ट सुटण्याऐवजी तुटतो. अशा बोल्टवर तारेच्या ब्रशाने आधी बाहेरचा गंज झाडून, गंज सैल करणारे पातळ तेल सलग दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडणे आणि मग घट्ट करण्याच्या दिशेने किंचित हलवून नंतर उलट फिरवणे, हा संयमाचा मार्ग गॅसच्या ज्योतीपेक्षा स्वस्तही आहे आणि सुरक्षितही, कारण ज्योतीजवळच बहुधा रबर, ब्रेकची नळी आणि इंधनाची वाट असते.

सुटा केलेला आर्म किंवा ब्रॅकेट गरम पाणी आणि सोड्याने धुऊन तेलकटपणा काढला की गंज उतरवण्याचे दोन घरगुती मार्ग उरतात. पहिला आम्लाचा. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात त्याच न्यायाने, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणाऱ्या सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणात काही तास बुडवलेल्या लोखंडावरचा गंज विरघळतो. त्यानंतर भाग सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडा करावा लागतो, नाहीतर उघड्या धातूवर तासाभरात नवा तांबूस थर चढतो. दुसरा मार्ग विजेचा. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा मिसळायचा, गंजलेला भाग बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातला साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडून, दोन्ही एकमेकांना न टेकतील असे पाण्यात सोडायचे. काही तासांत गंज मऊ काळा होऊन ब्रशाने निघून येतो आणि खालचा चांगला धातू झिजत नाही. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो व तो पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगी आणि बिडी-काडीपासून दूर करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचे ताट-वाटी कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग या टबात टाकू नये, कारण सोड्याच्या पाण्यात तो स्वतःच झिजू लागतो.

या दोन्ही मार्गांना एक कडक मर्यादा आहे आणि अनेकांना ती ठाऊक नसते. स्प्रिंगचे पाटे, गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट यांचे पोलाद मुद्दाम कठीण केलेले असते. आम्लात किंवा विजेच्या टबात निर्माण होणारा हायड्रोजन अशा कठीण पोलादाच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ बनवतो. बाहेरून चकचकीत दिसणारी स्प्रिंग मग भाराखाली काही दिवसांनी कडकन तुटते. साध्या, मऊ पोलादाच्या दाबून बनवलेल्या आर्मला हा धोका फारसा नसतो. म्हणून आर्म व ब्रॅकेट टबात टाकावेत, आणि स्प्रिंग व बोल्ट मात्र तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि रॉकेल यांवरच स्वच्छ करावेत. तसेच स्प्रिंगवर ग्राइंडर फिरवू नये, कारण त्याने पडणारी प्रत्येक आडवी रेघ ही चिरेची सुरुवात असते.

पाट्यांची स्प्रिंग, म्हणजे कमान, हा या भागातल्या जीपांचा कणा आहे. लांबीने कमी-कमी होत जाणारे पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने बांधलेले असतात आणि यू-बोल्टनी ते आसाला आवळलेले असतात. भार आला की कमान सपाट होते आणि पाटे एकमेकांवर किंचित घसरतात. हे घसरणे कोरड्या गंजाने थांबले तर साऱ्या पाट्यांचा मिळून एक जाड, न वाकणारा ठोकळा होतो, आणि मालकाला वाटते की गाडी जुनी झाली म्हणून आदळते. अशी कमान उतरवून, सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी तिला दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने धरून, मग हळूहळू सैल करून पाटे वेगळे करावेत, त्यांच्यामधला गंज ब्रशाने काढावा, आणि प्रत्येक पाट्याचा वरचा, अंतर्वक्र पृष्ठभाग उन्हात भिंगाने तपासावा. कमान दबताना ताण येतो तो याच पृष्ठभागावर, म्हणून चीर येथेच जन्म घेते. येथे खोल खड्डे किंवा केसासारखी आडवी रेघ दिसली तर तो पाटा बाद. उरलेल्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर देऊन, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घालून कमान पुन्हा बांधता येते. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असल्याने ते पूर्वीसारखे आवळ धरत नाहीत.

बसलेल्या पाट्यांना थंडपणीच हातोड्याने ठोकून पुन्हा बाक देणारे कारागीर हमरस्त्यांवर आढळतात. बाक दिसायला परत येतो, पण पोलादाला नव्याने पाणी न देता, म्हणजे तापवून विझवून पुन्हा ठरावीक उष्णतेवर न नेता, दिलेला हा बाक बहुधा थोड्याच महिन्यांत पुन्हा बसतो. गॅसने तापवून बाक देणे त्याहून वाईट, कारण स्प्रिंगचे पोलाद कारखान्यात साधारण साडेचारशे-पाचशे अंशांवर मुरवलेले असते आणि ज्योत त्या जागी ती सारी मेहनत पुसून टाकते. वडापच्या जीपांत जास्त माणसे बसावीत म्हणून एखाद-दोन जादा पाटे घालण्याची रीतही अशीच महाग पडते : कमान कडक होते, ती न गिळलेला धक्का सांगाड्याकडे जातो, आणि शेवटी चेसिसलाच तडा जातो.

रबरी बुश हा सर्वात लहान आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे, तरी जुन्या गाडीचा ‘आवाज’ म्हणून जो ओळखला जातो तो बहुतांशी याचाच असतो. बुशमध्ये बाहेर एक पोलादी बाही, आत एक पोलादी बाही आणि मध्ये रबर असते. बाहेरची आर्ममध्ये घट्ट बसते, आतली बोल्टने सांगाड्याला आवळली जाते, आणि आर्म वर-खाली होताना त्यांच्यामधले रबर पिळले जाते. ते घसरत नाही, म्हणून त्याला तेल-ग्रीसची गरज नसते. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची पद्धत पत्र्याला थोडी उपयोगी असली तरी बहुतेक बुशांतले नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व मऊ पडते, त्यामुळे एका भागाची काळजी घेताना दुसऱ्याचा जीव जातो. फवारायचेच असेल तर बुश झाकून फवारावे.

जुना बुश घरी काढण्यासाठी प्रेसची गरज नाही. चांगल्या प्रतीचा आटे पाडलेला जाड रॉड, दोन नट, जाड वॉशर, बुशच्या बाहेरच्या मापाचा एक नळीचा तुकडा आणि आर्मच्या भोकाहून मोठा दुसरा, एवढ्यावर नट आवळत गेले की बुश एका बाजूने ओढून बाहेर काढता येतो आणि त्याच पद्धतीने नवा आत बसवता येतो. अडून बसलेली बाहेरची बाही करवतीच्या पात्याने आतून लांबीच्या दिशेने कापावी, मात्र पाते आर्मपर्यंत पोहोचू देऊ नये. आर्मचे भोक लांबट झाले असेल तर ते व्हर्नियरने आडवे-उभे मोजल्यावर कळते, आणि अशा वेळी गावातल्या लेथवाल्याची मदत घ्यावी किंवा आर्मच बदलावा. नवा बुश बसवताना साबणाचे पाणी लावावे. बाजारात हल्ली पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. ते तेलाला दाद देत नाहीत आणि अधिक टिकतात, पण त्यांतले बरेचसे पिळले न जाता घसरतात, आणि माण-खटावच्या धुळीत घसरणारा पृष्ठभाग म्हणजे झिजणारा पृष्ठभाग. रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीच्या मापाचे साधे रबरच बरे.

गुंडाळीच्या स्प्रिंगबाबत सावधगिरी हेच मुख्य ज्ञान आहे. एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन जोर लागणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली असेल, तर तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. २३ किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावे इतका तो फटका असतो. म्हणून मारुतीचा पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र खांब, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय कधीही खोलू नये; दोरी, तार किंवा घरगुती क्लॅम्प या कामाला चालत नाहीत. कॉम्प्रेसर विकत घेणे परवडत नसेल तर तेवढ्या तासाभराच्या कामासाठी स्ट्रट गॅरेजात न्यावा.

शॉकअपच्या आत तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि चाकाच्या हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. त्याच्या दांड्यावर तेलाची पुसट ओल चालते, पण तेल ओघळत असेल तर तो बदलावा, आणि एका आसावरचे दोन्ही एकदमच बदलावेत. नळी कापून, तेल व सील बदलून, पुन्हा वेल्ड केलेले शॉकअप स्वस्त मिळतात. आतल्या झिजलेल्या झडपा मात्र तशाच राहतात, आणि वायू भरलेली नळी कापणे हे घरचे काम मुळीच नाही. ज्या गाडीचे नवे शॉकअप आता मिळतच नाहीत तिथेच हा मार्ग अपवादाने स्वीकारावा. बॉल जॉइंटबाबत अपवादही नाही : तो निसटला तर चाकच कोलमडते, म्हणून सैल सांधा बदलावा, वेल्डिंगने भरू नये. मात्र सांधा घट्ट असून त्याचे रबरी टोपण फाटलेले असेल, तर आतले ग्रीस पुसून, नवे भरून, नवे टोपण बसवणे हे अगदी थोड्या पैशांत सांध्याचे आयुष्य वाढवणारे काम आहे.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांचीही सीमा पार केली, आणि शहरात उभ्या असलेल्या असंख्य गाड्या गाळात बुडाल्या. २०२१मध्येही पूर आला. अशा गाडीत गाळ टोपणांच्या आत, बेअरिंगमध्ये आणि पोकळ आर्मच्या पोटात जाऊन बसतो. तिचे भाग भंगारातून घेताना आर्म आतून पाण्याच्या धारेने धुऊन, टोकाने टोचून पत्रा पातळ झाला आहे का ते पाहावे. वरून रंगवलेला जुना आर्म तर रंग काढल्याशिवाय घेऊच नये.

साफ झालेल्या भागांवर रंग लवकर चढवावा : आधी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर, तो वाळल्यावर काळा चेसिस पेंट, दोन पातळ थरांत. बोल्टचे डोके आणि वॉशर जिथे टेकतात तिथे मात्र जाड रंग ठेवू नये, कारण दाबाखाली रंग दबत जातो आणि बोल्ट आपोआप सैल पडतो. बुश काढून टाकलेले आर्म औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगला द्यायलाही हरकत नाही. त्याची भट्टी साधारण दोनशे अंशांची असते आणि आर्मच्या पोलादाला त्याने बाधा येत नाही, रबर मात्र जळते.

गाडी पुन्हा जुळवण्यापूर्वी कायद्याचेही भान ठेवावे : खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तपासणीनंतर वाढवून मिळते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, म्हणून उंची वाढवणे-घटवणे हे नूतनीकरण ठरत नाही. जुळवणीत नवे स्प्लिट पिन आणि नवे लॉक नट वापरावेत, आणि प्रत्येक बोल्ट त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेल्या पिळापर्यंत टॉर्क पान्याने आवळावा. बुशांमधून जाणारे बोल्ट मात्र गाडी घोड्यांवर असताना हातानेच लावून, चाके जमिनीवर टेकल्यावर, गाडीचे सारे वजन स्प्रिंगवर आल्यानंतर शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश काही महिन्यांतच फाटतो; हा एक नियम न पाळल्याने वाया गेलेल्या चांगल्या बुशांची संख्या निकृष्ट बुशांपेक्षा कमी नसावी. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची यंत्रावर जुळणी, करून घ्यावी. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, चारही कोपऱ्यांची उंची परत मोजून वहीत लिहून ठेवावी, आणि पावसाळ्याआधी व नंतर ग्रीस निप्पल असलेल्या सांध्यांत जुने, मळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.